शिपायाचा मसाला : बंदोबस्ताच्या खर्चाचा एक जुना हिशेब

मरोळला मिलिटरी रोड नावाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावर आज कारखान्यांचे टेम्पो, रिक्षा, शाळेच्या बसगाड्या आणि वडापावच्या गाड्या दिसतात, मिलिटरी तेवढी दिसत नाही. मात्र हत्यारी पोलीस आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र यांच्यामुळे खाकी वर्दी मरोळच्या माणसाला लहानपणापासून सवयीची. पहाटे निळ्या गाड्या भरून बंदोबस्ताला निघतात, रात्री उशिरा परततात. कुठे सभा, कुठे मोर्चा, कुठे विसर्जन. आम्ही त्यांच्याकडे दुधाच्या गाडीकडे पाहावे तसे पाहतो.

जानेवारी १९९३ मध्ये मात्र खरी मिलिटरी पाहिली. मुंबई पेटलेली होती. लष्कराच्या गाड्या अंधेरी-कुर्ला रस्त्याने संचलन करीत गेल्या, तेव्हा आमच्या चाळीतली माणसे कठड्याला रेलून, न बोलता बघत उभी होती. माझी आजी कोकणातली, हिशेबाला पक्की. गाड्या गेल्यावर तिने मला विचारले, “काय रे, ह्यांच्या भाकरीचं कोण बघतं? आपल्यालाच भरायला लावणार का?” मी तेव्हा विशीत होतो. मला हसू आले. सरकार बघते, असे उत्तर देऊन मी मोकळा झालो. चाळीला कोणी जादा पट्टी लावली नाही, आणि प्रश्नही तिथेच राहिला.

पुढे बरीच वर्षे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबनिसाची नोकरी केली. इतिहासाचा नाद सुट्टीच्या दिवसांचा. ना पदवी, ना मार्गदर्शक. कागद वाचता वाचता ध्यानात आले की आजीचा प्रश्न वेडगळ नव्हता. तिच्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी शिपायाच्या भाकरीचे पैसे खरोखरच भरले होते, आणि तेही ज्या शिपायाला त्यांनी बोलावलेच नव्हते त्याच्या भाकरीचे. शांतता राखायला आलेल्या शिपायाचा खर्च कोणी भरायचा, हा वरवर कारकुनी वाटणारा प्रश्न आपल्या इतिहासात फार मोठा आहे. त्याचे उत्तर ज्या काळात जसे मिळाले, तसे त्या काळातल्या राज्याचे आणि रयतेचे नाते होते. या लेखात तो हिशेब मांडायचा आहे.

मसाला आणि मोहसल

मसाला म्हटले की आज आपल्याला स्वयंपाकघर आठवते. पेशवाईतल्या कागदांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तंट्यात किंवा सरकारी येण्यासाठी एखाद्याला बोलावणे धाडायचे तर शिपाई जाई. त्या शिपायाच्या येण्याजाण्याचा आणि पोटाचा खर्च ज्याला बोलावणे आले त्याच्याकडून घेत. त्या रकमेला मसाला म्हणत. बोलावूनही माणूस आला नाही, किंवा येणे देईना, तर त्याच्या दारात मोहसल बसे. मोहसल म्हणजे तगाद्यासाठी बसवलेला शिपाई. तो उठेपर्यंत त्याचे पोट त्या घराने भरायचे.

ही व्यवस्था किती धूर्त होती ते पाहावे. मोहसलाला मारहाण करावी लागत नसे. त्याने फक्त ओट्यावर बसून राहायचे. रोजचा खर्च हाच दबाव. जितके दिवस घरमालक अडून बसेल, तितके त्याचे देणे वाढत जाई. म्हणजे शिपायाचा खर्च हा शिक्षेचा परिणाम नव्हता, तो खर्च हीच शिक्षा होती. हे सूत्र पुढे सारखे भेटणार आहे, म्हणून वाचकांनी ते लक्षात ठेवावे.

मोठ्या प्रमाणावर हेच सूत्र घासदाण्यात दिसते. घोड्यांच्या वैरणीच्या नावाखाली मुलखाकडून वसूल होणारी ही रक्कम. फौज मुलखात शिरून लुटालूट करण्यापेक्षा पैसे देऊन तिला परस्पर वाटेला लावलेले बरे, असा त्यामागचा व्यवहार. मराठी राज्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी, आणि मीही त्यांतलाच एक, ही बाजू झाकून ठेवू नये. इंग्रजांनी जे पुढे कायद्याच्या कलमात बसवले, त्याचे बीज आपल्या ओट्यावर आधीच बसलेले होते. फरक एवढाच की मोहसल एका घराच्या दारात बसे. सगळ्या गावाच्या दारात शिपाई बसवायचा आणि अख्ख्या गावाकडून त्याचा पगार कापायचा, ही पुढची पायरी.

वसईचा करार : राजाच्या दारातला मोहसल

मधल्या काळात हा शिपाई थेट राजाच्या दारात बसला. यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकल्यावर दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी करार केला. किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज पेशव्याच्या मुलखात राहायची, आणि तिच्या खर्चासाठी पेशव्याने वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. शाळेत आपण एवढे शिकतो. करारातली एक बारीक तरतूद मात्र सहसा सांगितली जात नाही. ही फौज बंडखोरांना जरब बसवायला आणि सरकारचे येणे दडपून ठेवणाऱ्या रयतेला वठणीवर आणायलाही मिळणार होती. मात्र किरकोळ कामाला ती मिळणार नव्हती, आणि शिबंदीप्रमाणे वसुलीसाठी गावोगावी बसायला तर मुळीच नाही.

किरकोळ काय आणि महत्त्वाचे काय, हे व्यवहारात कोण ठरवणार? खर्च पेशव्याचा, पण फौज कंपनीच्या हुकमातली. मे १८०३ मध्ये त्याच इंग्रजांच्या बळावर बाजीराव पुन्हा पुण्यात आला. जून १८१७ च्या पुणे कराराने आणखी फौजेसाठी ३४ लाखांचा मुलूख त्याच्याकडून घेतला, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीला लढाई जुंपली. ज्या फौजेसाठी पेशव्याने आपला मुलूख तोडून दिला होता, ती त्याच्यासमोर उभी होती. पैसे भरणारा आणि हुकूम देणारा एकच असेल तर शिपाई चाकर असतो. दोघे वेगळे झाले, की पैसे भरणारा कैदी होतो. पेशव्याला हे १५ वर्षांत कळले. रयतेला कळायला त्याहून थोडा अधिक काळ लागला.

कलमात बसलेला शिपाई

१८५७ च्या धक्क्यानंतर, १८६१ मध्ये, पोलीस कायदा आला. त्याच्या १५ व्या कलमाने सरकारला असा अधिकार दिला की एखादा प्रदेश ‘अशांत किंवा धोकादायक स्थितीत’ आहे असे जाहीर करावे, तिथे जादा पोलीस बसवावे आणि खर्च तिथल्या रहिवाशांकडून वसूल करावा. कोणी किती भरायचे ते मॅजिस्ट्रेटने ज्याच्या त्याच्या ऐपतीच्या अंदाजाने ठरवायचे. मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे स्वतंत्र होते. त्यांतही ही सोय होती, आणि १८९० च्या जिल्हा पोलीस कायद्यातही ती राहिली.

कलम वाचताना माझ्यातला हिशेबनीस एका जागी अडखळला. यात गुन्हा सिद्ध व्हायची अटच नाही. ज्याने दगड मारला तो आणि ज्याच्या दारावर दगड पडला तो, दोघेही ‘रहिवासी’. बिल दोघांना.

या कलमाच्या काळातला दख्खनचा सर्वांत मोठा उठाव १८७५ चा. १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे, आणि ते त्यांनी जाळले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. फौज बोलावली गेली, गावोगावी पोलिसांची ठाणी बसली, ९५१ माणसे पकडली गेली. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, हे सरकारच्या बाजूने सांगायलाच हवे.

पण आता ‘अशांत प्रदेशा’चे कलम अशा गावाला लावून पाहावे. सारा भरता येत नाही म्हणून कर्ज, कर्ज फिटत नाही म्हणून रोखे जाळले, रोखे जाळले म्हणून पोलीस, आणि पोलिसांच्या पगारासाठी पुन्हा पट्टी. पट्टी भरायला पैसा कुठून आणायचा? सावकाराकडूनच. ज्या वर्तुळातून सुटायला शेतकऱ्याने आग लावली, त्याच वर्तुळाला कायदा आणखी एक फेरा घालू शकत होता.

पुणे, १८९७

शहराच्या बाबतीत या हत्याराचा सर्वांत गाजलेला वापर पुण्याचा. प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्याच्या प्लेग कमिटीची सूत्रे रँडकडे आली. घरझडतीला गोरे सोजीर आले. माजघरात, देवघरात बूट घालून शिरणारा सोजीर हे चित्र मराठी मनावर कायमचे कोरले गेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

गोळ्या झाडणारे चापेकर बंधू अजून सापडायचे होते. शिक्षा मात्र थांबायला तयार नव्हती. सरकारने पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि खर्च शहरावर टाकला. लोकमान्य टिळकांनी जुलैमध्ये ‘केसरी’त लागोपाठ दोन अग्रलेख लिहिले : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’. ही शीर्षके आपल्याला पाठ असतात, आणि राजद्रोहाची शिक्षा याच लेखांसाठी झाली असा समजही पक्का असतो. तो खरा नाही. १८९७ च्या खटल्यातला आरोप १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे गोळीबाराच्या आधीच्या अंकावर, ठेवला होता. जुलैच्या लेखांचा विषय सरकारची दडपशाही हा होता, आणि शहराच्या खर्चाने बसवलेले पोलीस हा त्या दडपशाहीचा भाग. दुसऱ्या लेखाचे शीर्षक त्या दृष्टीने पुन्हा वाचावे. सूड म्हणजे नुसता फास नव्हे. ज्याने काही केले नाही अशा माणसाच्या नावावर पट्टी लावणे हाही सूडच.

त्याच वर्षी आणखी एक योगायोग जुळून आला होता, आणि माझ्या मते तो पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. नामदार गोखले तेव्हा विलायतेत होते. ते कशासाठी गेले होते? वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणे आणि कोणता खर्च इंग्लंडने सोसायचा, कोणता हिंदुस्थानने, याचा विचार करणे हे १८९५ मध्ये नेमलेल्या या कमिशनचे काम. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, हिंदी पलटणी तांबड्या समुद्राकाठच्या सुआकिमला पाठवल्या गेल्या होत्या आणि त्यांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवर ठेवला होता. आमची फौज तुमच्या कामाला, मग खर्च आमचा का, हा आपल्या पुढाऱ्यांचा सवाल होता.

गोखल्यांनी तिकडेच सोजिरांच्या वर्तनाविषयी पुण्याहून आलेल्या हकिकती जाहीर केल्या. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, म्हणून त्यांना माफी मागावी लागली, आणि ती माफी त्यांना आयुष्यभर बोचली. माफीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण गोखल्यांच्या त्या एका प्रवासात शिपायाच्या हिशेबाची दोन्ही पाने एकत्र आली होती. लंडनमध्ये परमुलखात लढणाऱ्या शिपायाचे बिल, पुण्यात आपल्याच घरावर बसवलेल्या शिपायाचे बिल. दोन्ही बिलांवर हुकूम एकाचा आणि भरणा दुसऱ्याचा. टिळक आणि गोखले यांचे जन्मभर पटले नाही असे आपण म्हणतो. १८९७ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मात्र दोघे, आपापल्या वाटेने, एकाच खातेवहीवर बोट ठेवून उभे होते.

बेचाळीस

१९४२ च्या ऑगस्टमध्ये हे हत्यार धार लावून पुन्हा बाहेर आले. या वेळी सामुदायिक दंडाचा वटहुकूम होता. तारा तुटल्या, रूळ उखडले, चावडी जळली, की गावावर ठोक दंड. देशभरात असे सुमारे ९० लाख रुपयांचे दंड बसवले गेले. मुसलमानांना दंडातून बहुधा वगळले जाई. त्यामागचा हेतू न कळण्याइतके लोक भोळे नव्हते. एका गल्लीत एकाच्या घरी दंडाची नोटीस यायची आणि शेजारच्याच्या घरी यायची नाही. दंड वसूल होऊन संपतो, पण शेजाऱ्याबद्दलची ती आढी संपत नाही.

म्हणजे मोहसलाचा प्रवास पुरा झाला. आधी तो एका घराच्या ओट्यावर बसला, मग गावाच्या वेशीत, मग शहरावर. आता तो दोन घरांच्या मधल्या भिंतीवर येऊन बसला.

स्वराज्यातले कलम

स्वातंत्र्यानंतर चित्र पुष्कळ बदलले. १९४८ मध्ये राज्य राखीव पोलीस दल उभे राहिले. त्यांचा पगार राज्याच्या अर्थसंकल्पातून होतो, म्हणजे गडचिरोलीच्या शेतमजुरापासून मलबार हिलच्या धनिकापर्यंत सगळ्यांच्या करातून. घटनेने पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यांकडे दिली, लष्कर केंद्राकडे. केंद्राची सशस्त्र दले राज्याच्या मदतीला देण्याचा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या यादीत स्वतंत्रपणे घातला. केंद्रीय पोलीस दलांच्या तुकड्या मागवल्या की केंद्र राज्याकडे आकार मागते, आणि थकबाकीवरून दोघांची पत्रापत्री चालते. अंतर्गत अशांततेपासून राज्यांचे रक्षण हे घटनेच्या ३५५ व्या कलमानुसार केंद्राचे कर्तव्य, मग बिल कशाला, असे राज्यांनी म्हणावे. सुव्यवस्था तुमचा विषय, असे केंद्राने म्हणावे. वाद खराच आहे. पण तो दोन तिजोऱ्यांमधला आहे. सुप्याच्या शेतकऱ्याच्या दारात तो येत नाही, ही स्वराज्याची कमाई लहान नव्हे.

तरीही जुने कलम गेले नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात, ५० वे कलम आहे. प्रदेश अशांत वाटला तर जादा पोलीस बसवावे आणि त्यांचा खर्च रहिवाशांकडून, किंवा त्यांच्यातल्या विशिष्ट गटाकडून, वसूल करता यावा. त्याच्या शेजारचे ५१ वे कलम दंगलीतल्या नुकसानीच्या भरपाईचे.

‘विशिष्ट गट’ हे शब्द किती निसरडे आहेत, ते राजस्थानातल्या एका खटल्यात दिसले. झुंझुनू जिल्ह्यातल्या काही गावांवर १८६१ च्याच कायद्याने जादा पोलीस बसवले गेले आणि सरकारने हरिजन व मुसलमान रहिवाशांना खर्चातून वगळले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सूट घटनेच्या १५ व्या कलमाविरुद्ध ठरवली. या समाजांतले बहुतेक लोक शांतताप्रिय आहेत, हे सरकारचे म्हणणे. पण बाकीच्या समाजांतही शांतताप्रिय माणसे होतीच, मग त्यांनी का भरायचे? जात आणि धर्म पाहून बिल फाडता येणार नाही, असा निकालाचा अर्थ.

दुबळ्यांवर बोजा नको, हा सरकारचा विचार वाईट नव्हता, असे मला वाटते. पण निकाल मला पटतो, आणि तो आणखी एक पाऊल पुढे जायला हवा होता. त्याने सूट रद्द केली, कलम राहू दिले. जात पाहून सूट देणे चूक असेल, तर पत्ता पाहून शिक्षा देणे बरोबर कसे?

व्हाउचर

नोकरीतला एक प्रसंग सांगतो. मी ज्या कंपनीत होतो तिथे कामगारांचे आंदोलन सुरू होते. फाटकावर पोलीस आले. महिनाअखेर माझ्या टेबलावर एक व्हाउचर आले, बंदोबस्ताच्या शुल्काचे. कारखान्यातल्या माणसांच्या वर्तनामुळे जादा पोलीस लागले तर मालकाकडून खर्च घ्यावा, अशी तरतूद याच कायद्याच्या ४८ व्या कलमात आहे, हे मला पुढे कळले. ज्याच्या धंद्यामुळे जादा पोलीस लागले त्याने पैसे भरावे, सगळ्या शहराने का? तरतूद न्यायाचीच दिसते.

पण त्या दिवशी खिडकीतून खाली पाहिले तेव्हा मला वेगळेच दिसले. फाटकाच्या आत मालक, बाहेर माझ्याच डब्यातली भाजी खाणारे सहकारी, आणि मध्ये उभा असलेला शिपाई. त्याच्या पगारात सगळ्यांचा कर होता, पण आजच्या उभे राहण्याचे पैसे आतून आले होते. तो शिपाई कोणाशी वाईट वागला नाही. उन्हात उभा होता, आमच्यापैकीच एकाने त्याला पाणी नेऊन दिले. तरी बाहेरचे त्याला ‘शेठचा पोलीस’ म्हणू लागले होते. मी व्हाउचरवर सही केली, खाते लिहिले. खर्चाचे शीर्षक काय टाकावे, याचा थोडा वेळ विचार करावा लागला.

मसाल्यापासून व्हाउचरपर्यंतचा हा हिशेब जुळवल्यावर माझ्या हाती राहते ते एवढेच. शिपायाचे पैसे शिक्षा म्हणून वसूल केले, की शिपाई शत्रू होतो. सोय म्हणून एकट्याने भरले, की तो चाकर वाटू लागतो. सगळ्यांनी मिळून भरले आणि हुकूम कायद्याचा राहिला, तरच तो सगळ्यांचा. आणि सगळ्यांचा असला तरी तो वेळेवर वापरला जाईलच असे नाही. श्रीकृष्ण आयोगाने १९९२-९३ च्या दंगलींच्या अहवालात नोंदवले आहे की लष्कराचा परिणामकारक वापर करण्याच्या हुकमात मोलाचे चार दिवस गेले. मृतांचा आकडा ९०० होता. न वापरलेल्या शिपायाचे बिलही कोणीतरी भरतेच, आणि ते रुपयांत नसते.

पहाटे अजूनही मिलिटरी रोडवर फिरायला जातो. निळ्या गाड्या भरून निघालेल्या दिसतात. जाळीच्या खिडकीशी एखादे विशीतले पोर डुलकी घेत असते, मांडीवर डबा. आजी आता नाही. तिला तेव्हा दिलेले उत्तर अर्धेच होते. सरकार बघते हे खरे, आणि आपल्यालाच भरावे लागते हेही खरे. आपण सगळे मिळून भरतो, म्हणून त्या पोराला कोणाच्या दारात मोहसल होऊन बसावे लागत नाही. ५० वे कलम मात्र अजून पुस्तकात आहे. ते काढून टाका म्हणायला दंगलीचीच वाट पाहायला हवी असे नाही.